खाटा भरायच्या होत्या

नववीत असताना आम्ही तिघांनी गणिताच्या सरांच्या नावाने फेसबुकवर एक पान उघडलं होतं. सरांचे ठरलेले डायलॉग, त्यांचा तो करड्या रंगाचा सफारी, असा सगळा माल त्यावर. चार दिवसांत पकडले गेलो. आईबाबांना शाळेत बोलावणं, माफीनामा, आणि आठवडाभर गणिताच्या तासाला वर्गाबाहेर. (घरी आल्यावर बाबांनी काय केलं ते इथे लिहीत नाही.) विषय संपला.

२००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळकरी मुलीने अगदी हेच केलं. शाळेतल्या एका अधिकाऱ्याची टिंगल करणारं पान मायस्पेसवर. हा विनोद आहे असं त्यावर लिहिलंही होतं. प्रकरण कोर्टात गेलं. आईला वाटलं, इतक्या किरकोळ गोष्टीला वकील कशाला? वकील नको अशा कागदावर सही करून मायलेकी न्यायाधीशापुढे उभ्या राहिल्या. सुनावणी जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. शिक्षा तीन महिने, आणि पोरगी आईच्या डोळ्यांदेखत तिथूनच बेड्या घालून रवाना.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो, पण चढावीच लागली तर वकिलाशिवाय चढू नये हेही म्हणीत घालायला हवं होतं. गंमत म्हणजे हा हक्क अमेरिकेत १९६७ पासून पक्का होता. अ‍ॅरिझोनात १५ वर्षांच्या एका मुलावर शेजारणीशी फोनवर अचकटविचकट बोलल्याचा आरोप होता. मोठ्या माणसाला याच गुन्ह्यासाठी पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा दोन महिने कैद. याला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृह! तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मुलांनाही वकील मिळालाच पाहिजे असा निकाल लागला.

मग चाळीस वर्षांनी लुझर्न काउंटीत काय झालं?

लुझर्न म्हणजे जुना कोळशाच्या खाणींचा भाग, मुख्य गाव विल्क्स-बॅरी. १९९६ पासून तिथल्या बाल न्यायालयात मार्क शिव्हरेला हा निवडून आलेला न्यायाधीश बसत होता. अत्यंत कडक म्हणून प्रसिद्ध. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाल्यावर अमेरिकेत ‘झीरो टॉलरन्स’चं वारं सुटलं, आणि शाळांना हा माणूस देवासारखा वाटला. २००१ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाला वकिलाचा हक्क समजावून सांगितला नाही म्हणून वरच्या कोर्टाने त्याचा निर्णय फिरवलाही होता. पुढे काही फरक पडला नाही.

दुसरा न्यायाधीश मायकल कॉनाहन. हा काउंटीचा मुख्य न्यायाधीश, म्हणजे कोर्टाच्या बजेटवर याचा हात. काउंटीचं स्वतःचं एक जुनं, पडायला आलेलं रिमांड होम होतं. कॉनाहनने २००२ च्या अखेरीस त्याचे पैसे तोडले आणि तिथे मुलं पाठवणं बंद केलं. २००३ च्या सुरुवातीला नवंकोरं खाजगी केंद्र सुरू झालं: पीए चाइल्ड केअर. त्याचा एक मालक रॉबर्ट पॉवेल नावाचा वकील, बांधकाम रॉबर्ट मेरिकल या बिल्डरचं. आणि त्याच जानेवारीत बिल्डरने न्यायाधीशांना ‘शोधणावळ’ म्हणून ९,९७,६०० डॉलर दिले. काम मिळवून दिल्याचं कमिशन, झालं! पुढच्या काही वर्षांत एकूण आकडा २६ लाख डॉलरच्या वर गेला. काही पैसे फ्लोरिडातल्या एका फ्लॅटचं भाडं म्हणून दाखवले, तो फ्लॅट न्यायाधीशांच्या बायकांच्या कंपनीच्या नावावर. काही रोकड तर चक्क कुरियरच्या खोक्यांत भरून गेली. पॉवेलच्या बोटीचं नाव होतं ‘रील जस्टिस’. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. २००४ मध्ये काउंटीने या केंद्राशी २० वर्षांचा, ५.८ कोटी डॉलरचा करारही केला.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या प्रकरणाचं नाव पडलं ‘किड्स फॉर कॅश’, त्यामुळे वाटतं की दर पोरामागे इतके डॉलर असं रेटकार्ड असेल. तसं सिद्ध झालं नाही. शिव्हरेला शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी पैशासाठी एकाही मुलाला आत टाकलं नाही. २०११ मध्ये ज्यूरीने त्याला ३९ पैकी १२ आरोपांवर दोषी धरलं, त्यात ती ‘शोधणावळ’ होती.

पण रेटकार्ड लागतं कशाला? काउंटी पैसे मोजते, खाटा भरलेल्या राहिल्या की मालक खूश, आणि मालक खूश तर न्यायाधीश खूश. न्यायाधीश आधीपासूनच कडक, त्यामुळे त्याला स्वतःला काही बदलावंही लागलं नाही. टार्गेट कोणी तोंडाने सांगत नाही, तरी ते सगळ्यांना माहीत असतं. अप्रेझलच्या महिन्यात आपण हे रोज बघतो. लुझर्नमध्ये साधारण चारातलं एक मूल आत जात होतं, राज्यात इतरत्र दहातलं एक. निम्म्याहून जास्त मुलांना वकीलच नव्हता.

आणि हे बंद दाराआड असलं तरी रिकाम्या खोलीत चाललं नव्हतं हो! सरकारी वकील, प्रोबेशन अधिकारी, मुलांचे सरकारी बचाव वकील, शाळांची माणसं, सगळे त्या खोलीत असायचे. पाच वर्षं. माझ्या भाषेत सांगायचं तर लॉग सगळे लिहिले जात होते, उघडून कोणी बघत नव्हतं.

बघितलं त्या मायस्पेसवाल्या मुलीच्या आईने. तिने फिलाडेल्फियाच्या ज्युव्हेनाइल लॉ सेंटरला फोन केला. त्यांनी मुलीला सोडवलं, मग आकडे खणले आणि एप्रिल २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ८ जानेवारी २००९ ला तो कारण न देता फेटाळला. २६ जानेवारीला केंद्र सरकारने दोघा न्यायाधीशांवर आरोप जाहीर केले (तपास आधीच चालू होता, पॉवेलने अंगावर माइक लावून संभाषणं रेकॉर्ड करून दिली होती). मग त्याच न्यायालयाने अर्ज परत उघडला! अठरा दिवसांत न्याय कुठून आला कोण जाणे. ऑक्टोबर २००९ मध्ये हजारो निकाल रद्द झाले.

शिव्हरेलाला २८ वर्षं, कॉनाहनला साडेसतरा. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा बदलला, आता मुलाला सरकारी वकील देताना आईबापाचा पगार बघत नाहीत. पण निकाल रद्द झाला म्हणजे ती वर्षं रद्द होतात का? १७ व्या वर्षी आत गेलेल्या एका कुस्तीगीर पोराने २०१० मध्ये आत्महत्या केली. निकालाच्या दिवशी त्याची आई कोर्टाबाहेर शिव्हरेलासमोर जाऊन ओरडली. तो व्हिडिओ मी एकदा बघितला, पुन्हा बघणार नाही.

२०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने दोघांना जवळजवळ ३०० पीडितांना २०.६ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. आत गेलेल्यांत काही जण अवघ्या ८ वर्षांचे होते, हेही त्या निकालात आहे. ते पैसे वसूल होतील अशी आशा पीडितांच्या वकिलांनाही नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी एका दिवसात सुमारे १५०० जणांच्या शिक्षा कमी केल्या. निकष असा की कोविडच्या काळात तुरुंगातून घरी नजरकैदेत पाठवलेले आणि तिथे किमान वर्षभर नीट वागलेले. म्हणजे एक क्वेरी मारली आणि यादी बाहेर आली. यादीत कॉनाहनचं नाव होतं. २०२० पासून तो घरीच होता, फ्लोरिडात.