साखरेच्या कोळशात कोंडलेलं गंधक

तेलशुद्धीकरण कारखाने पेट्रोल-डिझेलमधून गंधक काढून टाकतात. ते स्वस्त आहे, मुबलक आहे आणि त्यापासून बॅटरी बनवायची कल्पनाही जुनी आहे. डॅनुटा हर्बर्ट आणि ज्युलियुझ उलाम यांना गंधकाच्या कॅथोडचं अमेरिकी पेटंट १९६२ साली मिळालं. मग तुमच्या हातातल्या फोनमध्ये अजून गंधक का नाही?

कागदावरचे आकडे कुणालाही मोहात पाडतील. एक ग्रॅम गंधकाची सैद्धांतिक क्षमता सुमारे १६७५ मिलिअँपिअर-तास आहे. फोनच्या बॅटरीतलं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास देतं. गंधकाचं व्होल्टेज जेमतेम २.१, म्हणजे कमीच, पण तरी हिशेब फायद्याचा ठरतो. शिवाय कोबाल्ट नको, निकेल नको.

अडचणी तीन. गंधकातून वीज वाहत नाही. डिस्चार्ज होताना ते सुमारे ८० टक्के फुगतं. तिसरी अडचण सगळ्यात चिवट. मधल्या टप्प्यात तयार होणारे पॉलिसल्फाइड इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतात, पलीकडे लिथियमपर्यंत जातात आणि परत येतात. या येरझाऱ्यांत थोडं थोडं गंधक कायमचं वाया जातं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं, कारण हा चक्क मेमरी लीक आहे.

यावरचा एक मोठा उपाय भलत्याच कामातून आला. २००० साली दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेत र्‍योंग र्‍यू यांच्या गटाने सूक्ष्म छिद्रांच्या सिलिकाचा साचा घेतला. त्यात साखरेचं द्रावण भरलं, तापवून साखरेचा कोळसा केला आणि मग साचाच विरघळवून टाकला. उरला तो शिस्तीत रचलेल्या कार्बनच्या कांड्यांचा जुडगा, सीएमके-३. कांड्यांमधली फट फक्त तीन-चार नॅनोमीटरची.

२००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात शिउलेई जी, क्यू ते ली आणि लिंडा नाझर यांनी या फटींमध्ये गंधक भरलं. तापमान १५५ अंश, कारण वितळलेलं गंधक तिथे सर्वांत पातळ असतं. आणखी पाचेक अंश वाढले की ते एकदम घट्ट होऊ लागतं. वातीत तेल चढावं तसं गंधक आत ओढलं गेलं. कार्बनने वीज पोहोचवली, फुगायला जागा ठेवली आणि गळतीही आवरली. वरून पॉलिमरचा लेप दिल्यावर क्षमता १३२० पर्यंत गेली. ‘नेचर मटेरिअल्स’मधल्या या निबंधानंतर जगभरच्या प्रयोगशाळा गंधकाकडे पुन्हा वळल्या.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, झेफिर हे मानवरहित सौर विमान ॲरिझोनावर सलग १४ दिवस उडालं. रात्री त्याला सायन पॉवरच्या लिथियम-गंधक बॅटऱ्या चालवत होत्या. वजन महत्त्वाचं आणि चार्जिंगच्या फेऱ्या कमी, अशा कामाला त्या शोभल्या. बाजार मात्र निर्दय निघाला. ब्रिटनची ऑक्सिस एनर्जी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

कारण भिंती बांधल्या तरी पॉलिसल्फाइडला कार्बनची ओढ कमीच असते, हळूहळू ते निसटतातच. छिद्रं जास्त म्हणजे ती भिजवायला इलेक्ट्रोलाइटही जास्त, आणि मग वाचवलेलं वजन मागच्या दाराने परत येतं. पलीकडे लिथियमची झीज चालूच राहते.

म्हणून ‘पाचपट बॅटरी’ची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी शोधा. इलेक्ट्रोडवर गंधक किती होतं, इलेक्ट्रोलाइट किती ओतलं आणि चार्जिंगच्या फेऱ्या किती झाल्या? १६७५ हा आकडा साठ वर्षांपूर्वीही तेवढाच होता. खरा इतिहास या तीन उत्तरांमध्ये घडतो आहे.