व्यसनमुक्त विद्यार्थी आणि त्याचे सोबती

जुन्नर तालुक्यांतील ओतूर हें गांव तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य ह्यांच्या समाधीमुळें महाराष्ट्राला ठाऊक आहे. ह्याच गांवीं १९४४ सालीं डॉ. अनिल अवचट जन्मले. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं ते पुण्यास आले. आणि पुढें ज्या कार्याशीं त्यांचें नांव जोडलें गेलें, त्यांतील एक धडा प्रत्येक पालकानें ऐकण्याजोगा आहे.

१९८० नंतरच्या दशकांत ‘गर्द’ नांवाची अशुद्ध हेरॉइनची पूड मुंबई-पुण्यांतील तरुणांपर्यंत, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंतही, येऊन पोंचली. अवचटांनीं तिच्याविषयीं लेख लिहिले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें १९८६ च्या ऑगस्टांत येरवड्यास ‘मुक्तांगण’ उघडलें. त्याची धुरा अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा ह्यांनीं १९९७ सालीं निधन होईपर्यंत वाहिली.

शरीरांतून विष उतरण्यास थोडे दिवस पुरतात. मनांतील ओढ मात्र वर्षानुवर्षें दबा धरून बसते. म्हणून घरीं गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणें, कुटुंबियांना समजावणें आणि व्यसनांतून सुटलेल्यांनाच समुपदेशक म्हणून उभें करणें, हे मुक्तांगणाच्या पद्धतीचे आधार ठरले. बुडणाऱ्याला हात देण्यास बुडतां बुडतां वांचलेला माणूसच समर्थ, हें तत्त्व अमेरिकेंत १९३५ सालीं स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ह्या संघाचेंही आहे.

विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी. उपचारानंतर तो परततो तो त्याच वसतिगृहांत, त्याच मित्रांत. हें ओळखून अमेरिकेंतील रट्गर्स विद्यापीठानें १९८८ सालीं अशा विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र निवासाची सोय केली.

जुन्नर-आंबेगांवचीं मुलें ओतूर, मंचर, घोडेगांव सोडून पुण्यास शिकावयास येतात, तेव्हां घरची दृष्टि त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. एखादा घसरला तर ‘लोक काय म्हणतील’ ह्या भयानें आपण गोष्ट झांकतों. आणि सावरून आला तर प्रत्येक उशिराच्या रात्रीं संशयानें त्याचें तोंड न्याहाळतों. दोन्ही वागणुकी त्याला एकटें पाडतात, आणि एकटेपणींच ओढ बळावते. विश्वासाचा एक प्राध्यापक, व्यसनमुक्त असा एक सोबती आणि घरीं मोकळेपणानें बोलण्याची मुभा, एवढें तरी त्याला मिळालें पाहिजे. पुन्हा तोल गेला तर तो उलटलेल्या ज्वरासारखा समजून वैद्याकडे न्यावें. दार लावूं नये.

अवचट २०२२ सालीं निवर्तले. ओतूरच्या ह्या सुपुत्राचें ऋण फेडावयाचें असेल, तर परतलेल्या मुलाला प्रथम जेवावयास वाढावें. प्रश्न मागाहून विचारावे.