खत, पत आणि पहिले कार्ड

नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलेला, पहिला पगार हाती आलेला मुलगा किंवा मुलगी यांनी क्रेडिट कार्ड घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याच्या अभ्यासकांच्या कक्षेतला नाही. घरोघरी तो चर्चिला जातो आणि बहुधा दोन ठरलेल्या उत्तरांपाशी येऊन थांबतो. वडीलधारी मंडळी अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतात, ऋण काढून सण साजरा करू नये असे बजावतात. तरुण पिढी उत्तर देते की कार्ड नसेल तर पत तयार होत नाही आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक ओळख दाखवत नाही. एका बाजूला काटकसर आणि दुसऱ्या बाजूला पत, असा हा सामना आहे. दोन्ही बाजू तरुणाच्या स्वभावाविषयी बोलतात. महाराष्ट्रातील कर्जाचा इतिहास मात्र एका वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. कर्ज ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद कोण लिहितो आणि तो कोणाला वाचता येतो, यावर येथे ऋणकोचे भवितव्य ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाच्या आधाराने या घरगुती प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभ शब्दांपासून करू. आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी मानला गेला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊन तो येतो आणि ती फेडण्यातच त्याच्या जगण्याचा अर्थ शोधला जातो. दुसरीकडे, ऋण काढून तूप पिण्याचा सल्ला चार्वाकांच्या नावावर सांगितला जातो आणि तो उपहासाने का होईना, सर्वांच्या तोंडी असतो. 'पत' हा शब्द तर दोन्ही अर्थ एकत्र वागवतो. समाजातली प्रतिष्ठा म्हणजेही पत आणि उधार मिळण्याची पात्रता म्हणजेही पत. पत गेलेल्या माणसाला वाणी उधार देत नाही आणि पंगतीत कोणी विचारत नाही. इंग्रजी 'क्रेडिट' या शब्दाच्या मुळाशीही विश्वास ठेवणे हाच लॅटिन अर्थ आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना कुतूहल वाटावे अशी एक गोष्ट म्हणजे 'क्रेडिट कार्ड' हा शब्दप्रयोग प्रत्यक्ष कार्डाच्या कितीतरी आधी एका कादंबरीत अवतरला. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाच्या १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लुकिंग बॅकवर्ड' या आदर्श समाजाच्या कल्पनाचित्रात प्रत्येक नागरिकाला असे कार्ड मिळते. परंतु त्या कार्डावर कर्ज नाही. राष्ट्राच्या वार्षिक उत्पन्नातला त्याचा वाटा त्यावर नोंदलेला असतो. कल्पनेतले कार्ड वाट्याचे होते, वास्तवात आलेले कार्ड उधारीचे झाले.

आता कागदाकडे वळू. तुकोबांच्या चरित्रपरंपरेतला एक प्रसंग सर्वांना परिचित आहे. घराण्यात सावकारी आणि महाजनकी होती. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यानंतर विरक्तीच्या वाटेवर त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी खतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पुढे त्याच नदीत त्यांची गाथाही बुडवली गेली. परंपरेनुसार गाथा तरली, खते मात्र तरली नाहीत. या कथेतला ऐतिहासिक अंश किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी लोकमानसाने तिच्यात काय पाहिले हे स्पष्ट आहे. ऋणकोची सुटका कागद नाहीसा होण्यात आहे, ही ती जाणीव होय.

या जाणिवेला एकोणिसाव्या शतकात फार तीव्र रूप आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खतावरच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. जुनी, फुगलेली कर्जे ऋणकोच्या मानगुटीवर कायमची बसू नयेत, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात उलट घडले. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत करून घेऊ लागला आणि त्या नव्या खतात साचलेले व्याज मुद्दल म्हणून लिहिले जाऊ लागले. एक साधा हिशेब पाहावा. शंभर रुपयांवर सालीना २४ टक्के व्याज धरले, तर तीन वर्षांनी १७२ रुपये होतात. ते मुद्दल मानून नवे खत केले की आणखी तीन वर्षांनी आकडा २९५ च्या पुढे जातो. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा आपल्याकडचा दामदुपटीचा जुना नियम होता. पण व्याजालाच मुद्दलाचे नाव मिळाल्यावर त्या नियमाच्या हाती काय उरणार? पुढे नेमलेल्या सरकारी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारले गेल्याचे आढळले.

हे सारे ज्याच्या डोळ्यांदेखत घडे, त्याला ते वाचता येत नसे. खत बहुधा मोडीत, लिहिणारा दुसराच, हिशेबाची वही सावकाराच्या घरी. शेतकऱ्याने फक्त निशाणी करावयाची. जुन्या कागदांवर कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराचे चित्र आढळते. ज्या अवजारावर त्याचे पोट, त्याचेच चित्र काढून तो आपली जमीन गहाण टाकत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला चढा भाव आला, तेव्हा उधार मुबलक मिळाली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. या उठावाचे वैशिष्ट्य असे की माणसांवर हात फारसा उगारला गेला नाही. मागणी होती ती खतांची आणि वह्यांची, आणि त्यांचीच होळी झाली. सावकारांना एकजात राक्षस ठरवून हा इतिहास समजत नाही. सारा रोखीने आणि वेळेवर भरण्याची सक्ती सरकारचीच होती आणि ती रोकड पुरवणारा दुसरा कोणी गावात नव्हता.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने या रोगाचे निदान बरेचसे अचूक केले. न्यायालयाने खतावरच्या आकड्यावर न थांबता त्यामागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, शेतकऱ्याची खते गावनिबंधकासमोर लिहिली जावीत, ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळावा, कर्जापायी त्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. कर्जाऐवजी विक्रीखतच लिहून घेण्याची पळवाट पुढे निघाली, हेही खरे. तरी कर्जाचा प्रश्न हा वाचनाचा प्रश्न आहे, हे कायद्याने प्रथमच मान्य केले. महात्मा फुले यांनी याच सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अविद्येत शोधले, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे.

वयाचा प्रश्नही याच वर्षांतला आहे. सुप्याला होळी पेटली त्याच १८७५ साली भारतीय सज्ञानता कायदा झाला आणि सर्वसाधारणपणे १८ वर्षे हे सज्ञानतेचे वय ठरले. त्याची कसोटी लागली ती धर्मोदास घोष या कलकत्त्यातील अल्पवयीन तरुणाच्या प्रकरणात. त्याने १८९५ साली २०,००० रुपयांच्या कर्जापोटी, १२ टक्के व्याजाने, आपली घरे सावकाराकडे गहाण लिहून दिली होती. तो अज्ञान आहे याची सूचना सावकाराच्या बाजूला आधीच मिळालेली होती. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. म्हणजे सतराव्या वर्षी कायदा तरुणाला संपूर्ण संरक्षण देतो आणि अठराव्या वाढदिवशी ते संपूर्णपणे काढून घेतो. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीला स्वतःचे उत्पन्न अथवा जबाबदार सहस्वाक्षरीकर्ता दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही. आपल्याकडे अशी मधली पायरी कायद्याने बांधलेली नाही. ती घराला बांधावी लागते.

विसाव्या शतकात पतीची एक निराळी, अधिक माणुसकीची व्यवस्था उभी राहिली. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर पतपेढी हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या जीवनात रुजला. शिक्षकांच्या, कामगारांच्या, गावोगावच्या पतपेढ्यांत कर्ज मागणाऱ्याला जामीनदार लागे आणि जामीनदार ओळखीचा असे. कर्ज का हवे, हे कोणाला तरी सांगावे लागे. या चौकशीत संकोच होता, कधी वशिलाही होता. पण कर्ज घेण्यापूर्वी एकदा थांबणे भाग पडे.

कार्डाने हे थांबणे काढून टाकले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे सुमारे ६०,००० कार्डे कोणी न मागता टपालाने घरोघरी पाठवली, तेथपासून ही कथा सुरू होते. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड आणले. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलने पतीला आकड्याचे रूप दिले. जामीनदाराची जागा गुणांकाने घेतली आणि निशाणी नांगराची जागा पडद्यावरच्या 'मला मान्य आहे' या चौकोनाने. आपण सुशिक्षित आहोत, पण त्या चौकोनावर खूण करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचणारे आपल्यात किती, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

आणि तो मजकूर वाचला तर काय दिसते? नवे खत दर महिन्याला होते आहे असे दिसते. समजा, बाकी २०,००० रुपये आहे आणि विवरणपत्रावर 'किमान देय' १,००० रुपये छापले आहे. तेवढेच भरले. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के कर सुमारे १२० रुपये. पुढच्या महिन्याची बाकी १९,७८५ च्या घरात. हजार रुपये गेले, कर्ज २१५ रुपयांनी हलले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सामान्यतः जाते. महिना साडेतीन टक्के हा आकडा लहान दिसतो. वर्षभर चक्रवाढीने तो ५१ टक्क्यांवर पोहोचतो. सुप्याच्या शेतकऱ्याचे खत तीन वर्षांनी बदलत असे, इतकाच फरक.

कायद्याचा आधार मात्र आज तेवढा उरलेला नाही. १९७९ पर्यंत मागे जाण्याचे कारण नाही, १८७९ आणि १९८४ ही दोन वर्षे शेजारी ठेवली तरी पुरे. १८७९ ने न्यायालयाला खतामागे जाण्यास सांगितले. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात आलेल्या कलम २१-अ ने बँकेचा व्याजदर अवाजवी आहे या कारणासाठी व्यवहार पुन्हा उघडण्यास न्यायालयाला मनाई केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत न मागता कार्ड देण्यास बंदी केली, केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते असा इशारा विवरणपत्रावर छापणे बंधनकारक केले आणि अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात असे सांगितले. ही दिशा १८७९ चीच आहे. पण इशारा छापला जाणे आणि वाचला जाणे यांत अंतर असते, आणि मराठी विवरणपत्र अद्याप क्वचितच पाहण्यात येते.

तर मग पहिले कार्ड द्यावे का? माझ्या मते वय आणि स्वभाव यांपेक्षा एक साधी परीक्षा अधिक उपयोगी ठरेल. त्या तरुणासमोर एखादे विवरणपत्र ठेवावे आणि किमान देय, एकूण देय, देय दिनांक व व्याजदर या चार गोष्टींचा अर्थ त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगायला लावावा. किमान रक्कम भरल्यास पुढच्या महिन्यात काय होईल, याचा हिशेब कागदावर करायला लावावा. ज्याला तो जमतो, ज्याचे स्वतःचे नियमित उत्पन्न आहे आणि जो दरमहा संपूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती करण्यास राजी आहे, त्याला लहान मर्यादेचे कार्ड घेऊ द्यायला हरकत नाही. मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड या दृष्टीने चांगला आरंभ आहे. पतही तयार होते आणि मर्यादाही आपोआप राहते. ज्याला पगार संपल्यावरचे दहा दिवस काढण्यासाठी कार्ड हवे आहे, त्याला आज नको म्हणावे आणि का नको तेही आकड्यांनिशी सांगावे. नुसत्या म्हणींनी त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

भाषेच्या शिक्षकांना यात एक काम आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकवतो. कर्जाचा करारनामा आणि कार्डाचे विवरणपत्र हेही मजकूरच आहेत, आणि विद्यार्थ्याच्या आयुष्यावर त्यांचा परिणाम पुष्कळ कवितांपेक्षा लवकर होतो. खते इंद्रायणीत बुडवता आली, सुप्याच्या बाजारात जाळता आली. आजची नोंद बुडवता वा जाळता येत नाही. सहीपूर्वी ती वाचता येणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते वर्गात शिकवता येते.