वजन-वितरक हिच

वजन-वितरक हिच ही पिकअप ट्रक किंवा तत्सम वाहनाला जड ट्रेलर जोडण्यासाठी वापरली जाणारी यंत्रणा आहे. ट्रेलरच्या पुढील टोकाचा भार वाहनाच्या मागील भागावर पडतो. ही यंत्रणा त्या भाराच्या परिणामाचा काही अंश वाहनाच्या पुढील आसावर आणि ट्रेलरच्या आसांवर वळवते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले प्रवासी ट्रेलर ओढताना ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यामुळे प्रवास अधिक सुखकर होतो. तथापि सुकाणू व ब्रेक यांवरील नियंत्रण टिकवणे हे तिचे मुख्य प्रयोजन आहे.

पार्श्वभूमी

प्रवासी ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारणतः १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर असावा, असे मानले जाते. हा भार फार कमी असल्यास ट्रेलर डावी-उजवीकडे झोल खातो. बैलगाडीच्या संदर्भात मागे जड झालेल्या गाडीला ‘उलाळ’ व पुढे जड झालेल्या गाडीला ‘धुरजड’ म्हणतात. प्रवासी ट्रेलर काहीसा धुरजड असणेच इष्ट असते.

हा भार मागील आसाच्याही मागे पडत असल्याने तरफेप्रमाणे वाहनाची पुढची बाजू उचलली जाते. उदाहरणार्थ, दोन आसांमधील अंतर ३.६ मीटर, मागील आसापासून गोळ्याचे अंतर १.२ मीटर आणि गोळ्यावरील भार ३०० किलोग्रॅम असेल, तर पुढील आसावरील भार १०० किलोग्रॅमने घटतो व मागील आसावरील भार ४०० किलोग्रॅमने वाढतो. परिणामी पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते, मागचे कमानपाटे दबतात आणि पुलांच्या सांध्यांवरून जाताना वाहन पुढे-मागे झुलू लागते.

रचना व कार्य

हिचच्या शीर्षभागात दोन पोलादी स्प्रिंगदांड्या बसवलेल्या असतात. त्या ट्रेलरच्या सांगाड्याखालून मागे जातात आणि त्यांची टोके साखळीने किंवा कंसाने वर ताणून धरलेली असतात. या ताणामुळे जोडणीचा सांधा खाली वाकण्यास विरोध होतो आणि वाहनाची पुढची बाजू पुन्हा खाली येते. वरील उदाहरणात ट्रेलरचा आस गोळ्यापासून ५ मीटर मागे असल्यास आणि पुढील आसाची पूर्ण भरपाई केल्यास, मागील आसावरील वाढ सुमारे २४२ किलोग्रॅमवर येते व उरलेले सुमारे ५८ किलोग्रॅम ट्रेलरचा आस पेलतो.

जुळवणी

पुढील चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजली जाते: ट्रेलर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर दांड्या न ताणता, आणि दांड्या ताणल्यावर. वाढलेल्या उंचीपैकी किती भरपाई करावी, हे वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. दांड्या गरजेपेक्षा अधिक ताणल्यास मागील आस हलका होऊन वळणावर वाहनाची स्थिरता घटू शकते. मोजमाप प्रवासाच्या सामानासह करणे आवश्यक असते. १५० लिटरची पाण्याची टाकी भरल्यास १५० किलोग्रॅम वजन वाढते आणि टाकीच्या जागेनुसार गोळ्यावरील भारही बदलतो.

पूरक उपाय

जड सामान ट्रेलरमध्ये खाली व आसाच्या जवळपास ठेवणे, टायरमधील हवेचा दाब भारानुसार राखणे आणि झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलणे यांमुळे हिसके कमी होतात. ठरावीक वेगाला वाहन झुलत असल्यास वेग कमी केल्याने अनेकदा फरक पडतो. मागील आसावर बसवलेल्या हवेच्या स्प्रिंगांमुळे वाहन सपाट दिसते. परंतु पुढील आसावरून गेलेला भार त्या परत आणत नाहीत. त्यामुळे त्या वजन-वितरक हिचला पर्याय ठरत नाहीत.

मर्यादा

ही हिच वाहननिर्मात्याने ठरवलेली कमाल ओढक्षमता वाढवत नाही. भाराची वाटणी करणे आणि झोल रोखणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. काही हिचमध्ये झोल रोखण्यासाठी घर्षणाची सोय असते, काहींना स्वतंत्र दांडी जोडावी लागते. ट्रेलरमधील सामान चुकीच्या पद्धतीने भरल्याने निर्माण होणारा झोल अशा साधनांनी पूर्णपणे दूर होत नाही. त्यासाठी सामानाची मांडणीच बदलावी लागते.