बॉयकॉट आणि बहिष्कार

इंग्रजीतला ‘बॉयकॉट’ हा शब्द मुळात एक आडनाव आहे, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्या आडनावाच्या माणसाने कुणावर बहिष्कार घातला नव्हता. तो त्याच्यावर घातला गेला होता. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. जमीनदार दहाच्या पुढे सरकेना. बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा आणवल्या, तेव्हा मजूर शेत सोडून गेले, दुकानदार माल देईनात, धोबीण कपडे घेईना. कुणी हात मात्र उगारला नाही. त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत पार्नेलने हाच मार्ग सांगितला होता : दुसऱ्या कुळाची हिसकावलेली जमीन जो घेईल त्याला मारू नका, एकटा पाडा.

पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक व पोलीस. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाला, असा तेव्हाचा अंदाज होता.

शब्द कसा घडला, ते जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवले आहे. या प्रकाराला नाव काय द्यावे, असा प्रश्न त्याने फादर जॉन ओमॅली यांना केला. ‘ऑस्ट्रसिझम’ हा ग्रीक वळणाचा शब्द कुळांना कळणार नाही, म्हणून ओमॅलींनी सरळ कॅप्टनचे आडनावच सुचवले. (ऑस्ट्रसिझमच्या मुळाशी खापराचा तुकडा आहे. अथेन्सचे नागरिक त्यावर हद्दपार करायच्या माणसाचे नाव कोरत. आपण खापर फोडतो, ते वेगळे!) नोव्हेंबरात तो शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो जवळपास जसाच्या तसा उचलला.

मराठीने मात्र प्रतिशब्द वापरला. वंगभंगाच्या वेळी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. टिळकांनी तो विचार महाराष्ट्रात रुजवला आणि स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने ‘बहिष्कार’ चतुःसूत्रीत बसला.

मला अडते ते इथे. ‘बहिष्कार’ हा शब्द काही कोरा नव्हता. वाळीत टाकणे, ग्रामण्य, रोटीबेटी बंद हा सगळा जातपंचायतीचा आणि धर्मपीठाचा संसार त्याच्या पाठीशी होता. खुद्द टिळकांनी त्याची झळ सोसली होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य माजले, त्यात रानड्यांबरोबर तेही होते. म्हणजे आयर्लंडात दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध शोधलेल्या हत्याराला आपण जे नाव दिले, ते बलवान दुबळ्यांविरुद्ध शतकानुशतके वापरत आले होते.

बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच धातूचे कर्मणी रूप निवडले. १९२४ची ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेले ‘बहिष्कृत भारत’ यांच्या नावांत बाहेर टाकलेला माणूसच बोलतो. १९३०च्या स्टार्ट समितीच्या इंग्रजी अहवालात तर चक्र पुरे फिरले. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावले की गावाने त्यांची मजुरी तोडायची, वाटा अडवायच्या, वाण्याने माल नाकारायचा, या दडपशाहीचे वर्णन करताना अहवालाने शब्द वापरला ‘सोशल बॉयकॉट’. मेयोच्या कुळांचा शब्द आता गावच्या जमीनमालकांच्या कृतीला लागला.

महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही तोच शब्दप्रयोग आहे. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मला विचाराल तर शब्दकोशात ‘बहिष्कार’च्या दोन वेगळ्या नोंदी हव्यात आणि ‘बॉयकॉट’ हा अर्थ दुसऱ्या नोंदीत, १९०५ सालासह.