दहाच्या दहा नवी गाणी

आयर्न मेडनच्या चाहत्यांसमोर ‘जुनं भारी की नवं?’ एवढं विचारून बघा, संध्याकाळ गेलीच समजा. पण या वादावर बँडनेच एकदा मस्त प्रयोग करून ठेवलाय.

२००६ मध्ये ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ आला. दहा गाणी, सत्तरहून जास्त मिनिटं. त्या दौऱ्यात त्यांनी अख्खा अल्बम ओळीने वाजवला आणि जुनी गाणी ठेवली शेवटची पाचच. काही ठिकाणी ‘जुनी वाजवा’ अशा आरोळ्या उठल्या. मार्च २००७ मध्ये बँड बेंगळुरूला आला, तोवर दहातली पाच उरली होती. पुढचा जगदौरा १ फेब्रुवारी २००८ ला आपल्या मुंबईतून, बीकेसीच्या मैदानावरून सुरू झाला. त्यात गाणी जवळपास सगळी ऐंशीच्या दशकातली!

म्हणजे जुनं जिंकलं? थांबा. (मलाही जुनंच आवडतं, हे आधीच कबूल.) १९८० ते १९८८ मध्ये सात अल्बम आले, पन्नासच्या वर गाणी. एका कॉन्सर्टमध्ये वाजतात पंधरा-सोळा. बाकीची चाळणीत कधीच अडकली. नवा अल्बम मात्र न चाळता समोर ठेवला. असं सॅम्पलिंग मी केलं असतं, तर गाइडने प्रबंध तोंडावर फेकला असता.

चाळणीला वेळ लागतो. २०१८ चा दौरा पुन्हा जुन्या गाण्यांचाच होता. त्यात ‘फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड’ वाजलं. २००६ च्या त्याच अल्बममधलं.