एपिक प्रोसेसरांचे मॉडेल क्रमांक

एपिक ही ए.एम.डी. या अमेरिकी कंपनीची सर्व्हर संगणकांसाठीच्या प्रोसेसरांची मालिका असून ती जून २०१७ मध्ये बाजारात आली. या मालिकेतील प्रोसेसरांना सामान्यतः चार स्थानांचा मॉडेल क्रमांक दिला जातो. हा क्रमांक वेगाचे मोजमाप नाही. त्यातील प्रत्येक स्थान वेगळी माहिती देते, म्हणून तो सलग संख्या न मानता एकेक स्थान सुटे वाचावा लागतो.

पिढी आणि मालिका

चौथ्या स्थानावरील अंक प्रोसेसरची पिढी दर्शवतो. त्यानुसार ७६०१ हा पहिल्या, ७७४२ दुसऱ्या (२०१९), ७७६३ तिसऱ्या (२०२१), ९६५४ चौथ्या (२०२२) आणि ९७५५ पाचव्या (२०२४) पिढीचा प्रोसेसर आहे. पहिला अंक मालिका सांगतो. चौथ्या पिढीत एसपी५ हे नवे सॉकेट आले, तेव्हा मुख्य मालिकेचा ७ हा अंक बदलून ९ झाला. त्याच पिढीत एसपी६ या सॉकेटसाठी ८ ने सुरू होणारी मालिकाही आहे.

कोअरची संख्या

चौथ्या पिढीच्या मुख्य मालिकेत दुसऱ्या अंकावरून कोअरची संख्या कळते : १ म्हणजे १६, २ म्हणजे २४, ३ म्हणजे ३२, ४ म्हणजे ४८, ५ म्हणजे ६४, ६ म्हणजे ८४ किंवा ९६ आणि ७ म्हणजे ११२ किंवा १२८. तिसरा अंक त्या गटातील सापेक्ष कार्यक्षमता दाखवतो. उदाहरणार्थ, ९५३४ आणि ९५५४ या दोहोंत ६४ कोअर आहेत. मात्र त्यांची मूळ वारंवारता अनुक्रमे २.४५ आणि ३.१ गिगाहर्ट्झ आहे. हा नियम जुन्या पिढ्यांना लागू होत नाही. दुसऱ्या पिढीतील ७५४२ मध्ये ३२, तर ७५५२ मध्ये ४८ कोअर आहेत.

अक्षरे

'पी' हे अक्षर असलेला प्रोसेसर केवळ एका सॉकेटच्या सर्व्हरसाठी असतो. दोन प्रोसेसरांच्या यंत्रणेत तो वापरता येत नाही. 'एफ' उच्च वारंवारता, तर 'एक्स' अतिरिक्त एल३ कॅशे सूचित करते. अक्षराचे स्थान मात्र पिढीनुसार बदलले आहे. 'एफ' हे अक्षर ७एफ५२ मध्ये दुसऱ्या, ७५एफ३ मध्ये तिसऱ्या आणि ९१७४एफ मध्ये शेवटच्या स्थानी येते.

मर्यादा

मोठा क्रमांक प्रत्येक कामासाठी सरस ठरत नाही. ९७५४ मध्ये १२८ कोअर असले, तरी त्याचा एल३ कॅशे २५६ मेगाबाइट आहे. ९६ कोअरच्या ९६५४ मध्ये तो ३८४ मेगाबाइट आहे. मूळ वारंवारता ९७५४ ची २.२५, तर १६ कोअरच्या ९१७४एफ ची ४.१ गिगाहर्ट्झ आहे. काही डेटाबेस सॉफ्टवेअरचे परवाना शुल्क कोअरच्या संख्येवर आकारले जाते. अशा ठिकाणी कमी कोअरचा, पण अधिक वारंवारतेचा प्रोसेसर किफायतशीर ठरू शकतो. कॅशे, वारंवारता आणि वीजवापर यांचे नेमके आकडे क्रमांकात नसतात. ते तपशीलपत्रकातूनच पाहावे लागतात.